अडीच हजारांचं पेडल आणि आजोबांची जवारी

हा लेख गिटार वाजवणाऱ्यांसाठी आहेच, पण गिटार हातात न धरलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण यातला अर्धा भाग तंबोऱ्याचा आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या सगळ्यांना असलेल्या एका सवयीचा: एखादी गोष्ट बिघडली की पहिला संशय स्वस्त वस्तूवर घ्यायचा.

झालं असं. गेल्या वर्षी आमच्या कारापुरात एका कार्यक्रमात आमच्या बँडला अर्धा तास मिळाला. नाटकाआधीचा अर्धा तास. म्हणजे लोक चटया टाकून, मुलांना मांडीवर घेऊन नाटकाची वाट बघत बसलेले, आणि आम्ही चौघं स्टेजवर. त्याच महिन्यात मी एक ओव्हरड्राईव्ह पेडल घेतलं होतं. नवं नव्हे, ओळखीच्या एका मुलाकडून जुनं, अडीच हजार रुपयांना. ओव्हरड्राईव्ह म्हणजे रॉक किंवा ब्लूजच्या गाण्यात गिटारचा जो जाडसर, किंचित फाटलेला, लांबत जाणारा आवाज ऐकू येतो ना, तो देणारी डबी. जमिनीवर ठेवायची आणि पायाने बटण दाबायचं. घरी माझ्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर ती इतकी गोड वाजत होती की आठवडाभर मी जेवायलाही उशिरा जात होतो.

स्टेजवर गिटारचा ॲम्प नव्हता. गावच्या कार्यक्रमात तो सहसा नसतोच. साऊंडवाला म्हणाला, "पेडलातून वायर काढ आणि डायरेक्ट मिक्सरला दे." दिली. दुसऱ्या गाण्यात मी ऐटीत बटण दाबलं, आणि त्या दोन मोठ्या बॉक्समधून कुणीतरी पत्र्यावर करवत चालवावी तसा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या एका काकींनी कानावर पदर घेतला. मी पेडल बंद केलं आणि उरलेली गाणी साध्या आवाजात कशीबशी उरकली.

खाली उतरल्यावर निकाल तयारच होता. "स्वस्तातलं घेतलंस ना, मग असंच होणार. चांगलं घ्यायचं तर पंधरा-वीस हजार टाकावे लागतात." मलाही ते पटलं. वीस हजार कुठून आणायचे हे माहीत नव्हतं, म्हणून पेडल कपाटात गेलं, आणि खरं सांगायचं तर गिटारही महिना-दीड महिना भिंतीलाच टेकून राहिली. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणजे आपल्याला आवाज नाही, असं मी मनात धरून बसलो होतो.

ते चूक होतं. कसं चूक होतं, ते समजावून सांगण्यासाठी हा लेख.

ओव्हरड्राईव्ह म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत अगदी लहान वीज तयार होते, साधारण एका व्होल्टचा काही भाग. ॲम्प तिला मोठं करतो आणि स्पीकरला देतो.

आता ॲम्पची एक मर्यादा असते. समजा तो दहा पायऱ्यांपर्यंतच चढू शकतो आणि तुम्ही त्याला बारा पायऱ्यांची लाट दिलीत. वरच्या दोन पायऱ्या तो कुठून आणणार? लाटेचा माथा तिथेच दबतो. याला क्लिपिंग म्हणतात. माथा दबला की लाटेचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात येऊन मिसळतात: दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे. आपण ज्यांना उपसूर किंवा स्वरांश म्हणतो तेच. आवाज भरलेला वाटतो तो त्यांच्यामुळे.

जुन्या काळच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये हा माथा धारदार कापला जात नसे, गोलाईने दबत असे. म्हणून तो आवाज कानाला बोचत नाही. पण व्हॉल्व्हचा ॲम्प या स्थितीला येण्यासाठी खूप मोठ्याने वाजवावा लागतो.

गंमत म्हणजे हा आवाज जगाला आवडला तो बिघाडातून. १९५१ मध्ये मेम्फिसला 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड झालं, त्यात गिटारवाल्या विली किझार्टचा ॲम्प वाटेत बिघडला होता आणि त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम चालवलं, असं सांगतात. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिनचा सोलो मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनलमधून गेला आणि घोगरा होऊन बाहेर पडला. लोकांना तो इतका आवडला की पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तसा आवाज मुद्दाम काढणारी मॅस्ट्रो कंपनीची 'फझ-टोन' ही डबी बाजारात आली. १९६४ मध्ये इंग्लंडच्या 'द किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला.

१९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने 'ओडी-१' काढलं, आणि १९७९ मध्ये आयबानेझचं हिरवं 'ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८' आलं. व्हॉल्व्हचा तो दबलेला आवाज चिपमधून, कमी आवाजात, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. आज बाजारात दोन-तीन हजारांना मिळणारी बहुतेक ओव्हरड्राईव्ह पेडलं या दोघांच्याच घराण्यातली आहेत.

आजोबांचा दोरा

आता तंबोऱ्याकडे येतो. आमचे आजोबा विठ्ठलापूरच्या भजनांत वाढलेले. घरी त्यांचा मिरजेचा जुना तंबोरा आहे. एका संध्याकाळी ते तो लावत बसले होते. तारा सुरात आल्या, तरी आवाज कोरडा, ठक् ठक्. मग त्यांनी घोडीवर तारेखालचा सुती दोरा चिमटीत धरून केसभर सरकवला. आणि एका जागी तार अचानक बोलायला लागली. तीच तार, तेवढाच जोर, पण आवाजातून मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसं झालं.

"ही जवारी, पुता," ते म्हणाले. "तार घोडीला नुसती टेकून भागत नाही, थोडी घासली पाहिजे. जास्त घासली तर चरचरते. कमी घासली तर मुकी राहते." मग सहज विचारलं, "तुझ्या त्या डबीचं काय झालं?"

मी म्हटलं, "आजोबा, ती नुसती चरचरते."

"मग दोरा नीट लागला नसेल."

ते तंबोऱ्याच्या भाषेत बोलले, पण माझ्या डोक्यात काहीतरी हललं. जवारी आणि ओव्हरड्राईव्ह एकाच कामासाठी आहेत: मूळ सुरात वरचे स्वरांश जागे करायचे. तंबोऱ्यात ते काम रुंद, किंचित उताराची घोडी करते, पेडलात वीज करते. रीत वेगळी, पण कानाला मिळणारं सुख एकाच जातीचं.

हे माझं एकट्याचं खूळ समजू नका. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून आपल्या तंतुवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केलं. तार ज्या जागी छेडावी त्या जागेवरून ठराविक स्वरांश गैरहजर राहायला हवेत असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, जे सूर यायला नकोत तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीची घडण, असं रामन यांनी दाखवलं. ही घोडी घासून जवारी काढणं हेच मिरजेच्या कारागिरांचं कसब. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती कळली तेव्हा मी उडालोच. रॉक गिटारवाले ओव्हरड्राईव्हवर पूर्ण कॉर्ड क्वचित वाजवतात. दोनच सूर घेतात: षड्ज आणि पंचम. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण असं की पेडलात दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे सूर जन्माला येतात. समजा षड्ज २०० कंपनांचा आणि पंचम ३०० चा. वजाबाकी १००: हा खालच्या सप्तकातला षड्ज. बेरीज ५००: हा वरच्या सप्तकातला गंधार. सगळं एकमेकांत बसलं! पण षड्जाबरोबर गिटारचा गंधार वाजवला तर? गिटारच्या पट्ट्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो, २५० ऐवजी सुमारे २५२. वजाबाकी ५२, बेरीज ४५२. यातलं काहीच नीट बसत नाही, म्हणून गढूळ ऐकू येतं.

आता आठवा, सा-प लावलेल्या तंबोऱ्यात कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो त्याला आपण काय म्हणतो? स्वयंभू गंधार. मेटल वाजवणाऱ्या मुलाच्या ॲम्पमध्ये आणि भजनाच्या तंबोऱ्यात एकच पाहुणा येऊन बसतो, फक्त दोघांना एकमेकांची ओळख नाही.

डबीच्या आत काय आहे?

मग प्रश्न उरला स्वस्त-महागाचा. मी कपाटातलं पेडल काढलं आणि मागचे चार स्क्रू खोलले. (वॉरंटी नव्हतीच, त्यामुळे धीर होता.)

आत एक छोटी आठ पायांची चिप, दोन-चार ट्रान्झिस्टर आणि डायोड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, तीन नॉब. ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यात ही चिप बहुधा ४५५८ नावाची असते. हा नंबर ओळखीचा वाटतोय? आपल्याकडे असेम्बल केलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये बास-ट्रेबलचा जो बोर्ड असतो, त्यातही हीच ४५५८ सर्रास असते. दुकानात ती दहा-पंधरा रुपयांना मिळते. डायोड तर रुपया-दोन रुपयांचे.

काम असं चालतं. चिप गिटारची लाट वाढवते. ती वाढ जिथून परत फिरते त्या वाटेवर दोन डायोड उलट-सुलट तोंडांनी बसवलेले असतात. लाट साधारण ०.६ व्होल्टच्या वर चढायला लागली की डायोड उघडतात आणि पुढची वाढ रोखतात. माथा गोलाईने दबतो. झाली जवारी!

दुसरी युक्ती त्याहून हुशार आहे. दबण्याच्या आधीच साधारण ७२० कंपनांच्या खालच्या सुरांची वाढ कमी कमी होत जाते, आणि नंतर टोनचा नॉब वरचे तिखट सूर कमी करतो. मधले सूर पुढे येतात. बँडमध्ये खाली बास आणि मोठा ड्रम असतो, वर झांजा. मधली जागा गिटारने घेतली की ती गर्दीतही ऐकू येते.

हे सर्किट चाळीसेक वर्षं जगभर सगळ्यांना माहीत आहे. दोन हजारांच्या पेडलात तेच आणि वीस हजारांच्या पेडलातही पुष्कळदा त्याचंच थोडं बदललेलं रूप. मग किंमत कशाची? जाड धातूची पेटी, मजबूत बटण, चांगले जॅक, हाताने केलेली जोडणी, कमी खरखर, आणि नाव.

नावाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत बिल फिनेगन यांनी १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' नावाचं पेडल हाताने बनवायला घेतलं. आतलं सर्किट कुणाला दिसू नये म्हणून त्यावर काळा लेप ओतला. एकूण आठेक हजारच बनली, आणि आज जुन्या बाजारात एकेकाला हजारो डॉलर पडतात. २०२३ मध्ये जॉश स्कॉट या पेडल बनवणाऱ्यानेच एका व्हिडिओत त्याच्याशेजारी 'बॅड मंकी' हे डिजिटेक कंपनीचं, बंद पडलेलं स्वस्त पेडल ठेवलं आणि नॉब फिरवून दोघांचा आवाज जवळजवळ एक करून दाखवला. याचा अर्थ "महागाच्या मागे लागू नका" असा होता. लोकांनी काय करावं? काही दिवसांत जुन्या बॅड मंकीचेच भाव कित्येक पटींनी चढले. म्हणजे कान बाजूला राहिले, खिसेच पळाले.

मग त्या रात्री काय झालं?

पेडल ठीक, सर्किट ठीक. मग पत्र्यावरची करवत कुठून आली?

उत्तर स्पीकरमध्ये होतं. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर जाड कागदाचा, एकच मोठा, आणि त्यात ट्वीटर नसतो. साधारण पाच हजार कंपनांच्या वरचं त्याला फारसं वाजवताच येत नाही. हे त्याचं अपंगत्व नाही, तो त्या वाद्याचा भागच आहे. पेडल जे वरचे स्वरांश तयार करतं त्यातले बोचणारे सूर हा कागद गाळून टाकतो.

कार्यक्रमाचा पीए सिस्टीम मात्र बोलण्याचा, गाण्याचा प्रत्येक बारकावा ऐकवण्यासाठी बनवलेला. त्याचे हॉर्न पंधरा हजार कंपनांपर्यंतही पोचतात. पेडल थेट मिक्सरला दिलं की गाळणीच नाही, सगळा चोथा कानात. वीस हजारांचं पेडल असतं तरी त्या काकींनी पदर कानावर घेतलाच असता.

उपाय तीन, आणि तिन्ही परवडणारे. पहिला: घरचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प स्टेजवर न्या, खुर्चीवर ठेवा आणि गाण्याचा साधा माईक त्याच्या कागदाजवळ लावा. माईक कागदाच्या बरोबर मध्यावर नको, थोडा कडेला धरा, आवाज मऊ येतो. दुसरा: स्पीकरची नक्कल करणारं कॅब सिम्युलेटर पेडलानंतर जोडा. पुष्कळशा साध्या मल्टी-इफेक्ट्समध्येही ते असतं. तिसरा, काहीच नसेल तेव्हाचा: पेडलाचा टोन बराच खाली, ड्राईव्ह कमी, आणि साऊंडवाल्याला प्रेमाने सांगा, "दादा, गिटारच्या चॅनलचं ट्रेबल पूर्ण खाली घ्या ना."

चार मित्र, चार अनुभव

लेख लिहायला घेतल्यावर मी ओळखीतल्या गिटारवाल्यांना त्यांच्या स्वस्त पेडलांबद्दल विचारत सुटलो. चौघांची उत्तरं वेगळी, पण प्रत्येकाचं कारण वरच्या सर्किटात सापडलं.

पहिला चर्चच्या कॉयरमध्ये गिटार शिकला आणि आता लग्नांच्या बँडमध्ये वाजवतो. तो ड्राईव्ह जवळजवळ शून्यावर ठेवतो आणि लेव्हल पुढे. "मला फाटका आवाज नकोच रे. सोलो आला की दोन पावलं पुढे येऊन उभं राहायचं, तेवढंच पेडलाने करायचं." स्टीव्ही रे व्हॉन हा ब्लूजचा मोठा गिटारवाला ट्यूब स्क्रीमरला ॲम्पच्या पुढे असंच ढकलायला लावत असे.

दुसरा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये संध्याकाळी वाजवतो. त्याची अडचण आवाजाची नाही, आवाज कमी ठेवण्याची आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि त्याआधीही गिऱ्हाईक जेवताना बोलणारच. "ॲम्प दोनवर ठेवून दहाचा आवाज काढायचा, एवढ्यासाठी मला पेडल लागतं." पेडलाचा जन्मच त्यासाठी झाला.

तिसरा मेटलवाला. त्याची पहिली तक्रार, "ह्यात दम नाही." बरोबर आहे, ओव्हरड्राईव्ह म्हणजे डिस्टॉर्शन नव्हे. डिस्टॉर्शनमध्ये माथा गोल दबत नाही, सपाट कापला जातो. मग त्याने वेगळी युक्ती शिकली: ॲम्पचं डिस्टॉर्शन चालू, त्याच्या आधी हे पेडल, ड्राईव्ह शून्य, लेव्हल भरपूर. पेडल खालचा घुमणारा भाग कापतं, त्यामुळे जलद वाजवताना एकेक ठोका सुटा ऐकू येतो. आता तो ते काढायला तयार नाही.

चौथी आमच्याच वर्गातली, बास वाजवणारी. तिने हेच पेडल बासला लावलं आणि बासच गायब झाला! ७२० ची गोष्ट आठवा. बासचे मूळ सूर त्याच्या कितीतरी खाली, ४० पासून सुरू होतात. दोष पेडलाचा नाही, ते तिच्या वाद्यासाठी बनलेलंच नव्हतं. बासला वेगळं पेडल लागतं, ज्यात साधा आवाजही सोबत मिसळता येतो.

नवीन पेडल घेतलंत तर सुरुवात अशी करा: ड्राईव्ह नऊ वाजता, टोन बारा वाजता, आणि लेव्हल इतकी की पेडल बंद आणि चालू केल्यावर आवाजाची उंची सारखी राहील. मग एकावेळी एकच नॉब फिरवा. बहुतेक जण पहिल्या दिवशी तिन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवतात, मीही फिरवले होते. आजोबांच्या शब्दांत, जास्त घासली तर चरचरते.

स्वस्त खरोखर कुठे कमी पडतं?

आता दुसरी बाजू. स्वस्त ते सगळं चांगलं असं म्हणणं हाही खोटेपणाच होईल. माझ्या पेडलाने मला त्रास दिला, आणि तो आवाजात नव्हे, हाडांमध्ये दिला.

बटण: सर्वांत आधी हे जातं. पायाने हजार वेळा दाबायची वस्तू आहे, तिथेच पैसे वाचवलेले असतात. सोल्डरिंग येत असेल तर ते बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

जॅक: काही पेडलांत जॅक पेटीला नटाने आवळलेला नसतो, नुसता बोर्डला चिकटवलेला असतो. केबलवर एकदा पाय पडला की खर्र. विकत घेताना केबल लावून हलवून बघा.

प्लास्टिकची पेटी: घरी चालते. पण बँडची बॅग स्कूटरवर पुढे ठेवून डिचोली ते पणजी केलीत की ती बोलते. जुन्या टॉवेलात गुंडाळून न्या.

आपला पाऊस: हा गोव्याचा खास शत्रू. जून ते सप्टेंबर दमट हवेत जॅक आणि नॉब काळवंडतात, मग फिरवताना कर्रकर्र होते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर माझा हा पावसाळा निघाला.

वीज: हे नीट वाचा. पेडलाला ९ व्होल्ट लागतात, आणि पिनेचा मधला भाग निगेटिव्ह. घरातल्या राउटरचे बहुतेक अडॅप्टर उलटे असतात, मधला भाग पॉझिटिव्ह, आणि काही १२ व्होल्टचे. पिन तशीच बसते म्हणून लावाल, आणि पेडल कायमचं झोपेल. अडॅप्टरवरची गोल खूण आणि पेडलावरची खूण जुळवूनच लावा. मंडपात अर्थिंग नसेल तर गुणगुण येते, तेव्हा बॅटरी बरी. पण इनपुटच्या जॅकला केबल लागली की बॅटरी चालू होते, पेडल बंद असलं तरी! म्हणून वाजवून झालं की केबल काढा. हे न कळल्याने मी तीन बॅटऱ्या घालवल्या.

म्हणजे हिशोब असा: स्वस्त पेडल आवाजात फार मागे नसतं, आयुष्यात मागे असतं. रोज कार्यक्रम करणाऱ्याने मजबूत पेडल घ्यावं, त्याचे पैसे वसूल होतात. महिन्यातून एकदा वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला दोन-अडीच हजारांचं पुरतं. आणि ज्यांना सोल्डरिंगचा हात आहे, त्यांनी स्वतः बनवून बघावं. मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ही छोटी कंपनी आज भारतात पेडलं बनवून परदेशातही पाठवते. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, ऑनलाइनही मिळतात.

आणि साधनं कमी म्हणून थांबावंसं वाटलं तर आपल्या शिवोलीकडे बघा. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा आपला 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला होता. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्यापेक्षा जास्त ट्रॅक आहेत.

दुसरा अर्धा तास

यंदा चवथीनंतर वाड्यावरच्या कार्यक्रमात आम्हाला पुन्हा बोलावलं. मी माझा छोटा ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. साऊंडवाला तोच होता. तो हसला, "हे खेळणं कशाला आणलंस?" तरी त्याने माईक दिला. मी तो कागदाच्या थोडा कडेला लावला, टोन बाराच्या जरा खाली, ड्राईव्ह दहावर. पेडल तेच, अडीच हजारांचं.

दुसऱ्या गाण्यात बटण दाबलं. सा-प. आवाज जाड झाला, लांबला, आणि शेवटी विरताना वर कुठेतरी तो गंधार ऐकू आला. निदान मला आला. कुणी कानावर पदर घेतला नाही.

आजोबा मागच्या बाजूला खुर्चीत बसले होते. रॉक त्यांना आवडत नाही आणि आवडावं असा माझा आग्रहही नाही. घरी जाताना एवढंच म्हणाले, "आज दोरा जागेवर होता."

तुमच्याही कपाटात अशी एखादी डबी पडलेली असेल, तर विकण्याआधी एकदा तिच्या पुढची वायर कुठे जाते ते बघा. आणि आपल्या कॉलेजातल्या कुणाला जॅक, बटण किंवा अडॅप्टरची शंका असेल, तर मंडळाच्या बैठकीनंतर मला गाठा. सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे, चहा तुमच्याकडून.